तिसऱ्या खोलीतली घट

१

तिसऱ्या खोलीतला कांदा गेला होता, आणि ते कळायला काट्यावर जायची गरज नव्हती. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर तांबडी आडवी रेघ होती. भरताना ढीग त्या रेघेला टेकवायचा, हा या कोठाराचा पहिल्यापासूनचा रिवाज. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीत ढीग रेघेच्या वीतभर खाली बसला होता. तेवढा तो दर वर्षी बसतो. तिसरीत मात्र तो चांगला हातभर खाली होता.

"दोन ट्रक," मालक म्हणाले. "दोन ट्रक माल माझ्या नाकासमोरून गेला, मॅडम. आणि दाराचं सील जसंच्या तसं."

सील मी बघितलं. तार, शिसं, सगळं नीट होतं. कापलं ते मालकांनीच, काल, गिऱ्हाइकाला माल दाखवायला दार उघडलं तेव्हा. सील मारायची पक्कड त्यांच्या खिशातच असते. हंगामाच्या सुरुवातीला कांदा भरला, त्याच दिवशी त्यांनी तिन्ही खोल्यांना आपल्या हाताने सील ठोकलं होतं, कारण गेल्या वर्षीही थोडा माल कमी भरल्याचा त्यांना संशय होता.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. कुणाचा माल कुजला, जळला, पळवला की मला पाठवतात. आता माझे गुडघे कुरकुरतात, आणि ज्या गावात मला पाठवतात तिथे नेमका पाऊस चिकटून बसलेला असतो. इथे आठवडाभर नुसती भुरभुर चालू होती. माझी शाल परवापासून ओली होती, लॉजवरच्या खुर्चीवर टाकून टाकून तिला कुबट वास यायला लागला होता, आणि मोजे घातले की पाय शहारत. मला काम उरकून घरी जायचं होतं, बस.

उरकायला तसं सगळं तयारही होतं. चोरी असेल तर विमा भरून देतो. साठवणीत माल घटला तर ते मालकाचं नशीब. त्यामुळे मालकांना चोरी हवी होती, आणि चोर त्यांनी आधीच बाहेरच्या बाकावर बसवून ठेवला होता.

त्याला सगळे पंखेकाका म्हणत. पंखे, बर्नर, झडपा सगळं तो बघायचा, आणि तिथेच मागच्या खोलीत एकटा राहायचा. साठीचा, वाळकुडा, कानांवर केसांचे झुबके. पायाशी कापडी पिशवी भरून ठेवली होती.

"पिशवी कशाला?" मी विचारलं.

"पोलीस नेतील ना संध्याकाळी. एक जोडी कपडे आहेत."

"घेतलात का तुम्ही कांदा?"

"नाही."

"मग गेला कुठे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवीचे बंद पुन्हा एकदा आवळले. "मॅडम, तुम्ही चोरी लिहून टाका. मालकांचं नुकसान तरी भरून येईल. मला दुसरं काही विचारू नका."

इतक्या वर्षांत चोर म्हणवून घ्यायला तयार असलेला निर्दोष माणूस मला भेटला नव्हता. घरी जायचा माझा बेत तिथेच बारगळला.

२

ढिगावर शिडीने चढावं लागतं. मला या वयात शिडीवर चढवणाऱ्या सगळ्यांचं भलं होवो, असं पुटपुटत मी वर गेले. मालक खालूनच बोलत राहिले.

या कोठारात कांदा पोत्यांत ठेवत नाहीत, सुटाच ओततात. खाली फटी ठेवून लाकडी जमीन केलेली असते, आणि तिच्याखालून पंखा गरम हवा सोडतो. ती हवा ढिगातून वर चढते, कांद्याचं पाणी घेऊन वर येते, आणि खोलीच्या मागच्या भिंतीतल्या उंच खिडकीतून मागच्या बोळात परत जाते. आधी माना आणि साल सुकेपर्यंत असं गरम वारं द्यायचं, मग बर्नर बंद करून खोली हळूहळू थंड करायची. थंड झाली की कांदा झोपतो, महिनोन् महिने उठत नाही. हे सगळं मशीन ठरवतं. माणसाने फक्त स्क्रीन बघायचा.

वर गेल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे ढीग सपाट होता. दाराशी, मधे, पार पलीकडच्या कोपऱ्यात, सगळीकडे तो सारखाच हातभर खाली होता. जिथून माल काढतात तिथे खड्डा पडतो, वरचा कांदा घरंगळत खाली येतो. इथे तसं काही नव्हतं.

"त्याने पसरून सारखा केला असेल," मालक खालून म्हणाले.

"दोन ट्रक काढून उरलेला सगळा ढीग सारखा करायचा, तेही बंद खोलीत? एवढी मेहनत करणारा माणूस चोरी कशाला करेल?"

दुसरी गोष्ट पायांना कळली. पायाखाली सालं कडकड वाजत होती. मी एक कांदा उचलला, तर साल हातातच सुटलं आणि उघडा, गुळगुळीत कांदा बोटांतून निसटला. ढिगाच्या फटीत मी कोपरापर्यंत हात घातला, तर आतही तेच. आणि जो कांदा हातात धरावा तो दिसायला मोठा आणि वजनाला हलका.

"मालक, हा कांदा फार सुकलाय."

"शक्यच नाही," ते म्हणाले. "या खोलीची सुकवण अजून चालू आहे. एक आणि दोन कधीच्या थंड झाल्या. ही अजून ओलीच आहे, मशीन सांगतंय. तुम्ही हाताने बघताय, मी आकड्यांनी बघतोय."

"भरल्यापासून कुणी या ढिगावर चढलं होतं?"

"सील कशाला मारलं मग?" ते म्हणाले. त्यांचे डोळे तांबारलेले होते, दाढी वाढलेली होती. तेही थकलेलेच होते बिचारे, फक्त त्यांच्या थकव्याला एक चोर हवा होता.

माझा हात सांगत होता कांदा हाडासारखा कोरडा आहे. मशीन सांगत होतं तो अजून ओला आहे. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता.

३

मशीन बसवणाऱ्या माणसाला मी फोन केला. तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मालकांनी मला गेल्याच आठवड्यात बोलावलं होतं. दुपारी येऊन मी सेन्सर तपासला, अगदी चोख होता. तेव्हाची हवा कोरडीच येत होती."

"मग बर्नर बंद का होत नव्हता?"

"एकदा कोरडी आली म्हणून नाही होत. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र सलग कोरडी हवा यावी लागते. मधेच एकदा जरी ओली आली, की मशीन पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. कांदा अर्धवट सुकलेला असताना फसू नये म्हणून तसं ठेवलंय."

"म्हणजे रोज थोडा वेळ जरी ओली हवा मिळाली..."

"तर जन्मभर सुकवत बसेल," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मालकांचा धाकटा भाऊ ट्रकच्या केबिनमध्ये पाय वर करून बसला होता. ट्रक त्याच्या ताब्यात, म्हणून माझा पहिला डोळा त्याच्यावर होता. त्याला ते ठाऊक होतं.

"माझ्यावर संशय आहे ना? असू दे," तो म्हणाला. "घरात दादालाही आहे, फक्त तोंडाने बोलत नाही. पण मॅडम, माझे दोन्ही ट्रक महिनाभर गॅरेजात उघडे पडलेत. मी कांदा काय डोक्यावरून नेणार?"

गॅरेजवाल्याला विचारलं, तर ते खरं निघालं.

"काकांबद्दल काय वाटतं?"

त्याने पाय खाली घेतले. "मला त्यांनी खांद्यावर घेऊन फिरवलंय. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. रोज सकाळी नाश्त्यानंतर मागच्या बोळाचं दार ते आतून लावून घेतात. मी एकदा धडका मारल्या, तरी उघडलं नाही. म्हणाले, झडप साफ करतोय. रोज कसली झडप साफ करतात? आणि यंदा गॅसही भसाभसा संपतोय. दादा म्हणतो, काका टाकीतून गॅस विकतात."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला काहीच वाटेनासं झालंय. या घरात सगळे एकमेकांवर नजर ठेवून आहेत, आणि झोप कुणाचीच होत नाही."

तेवढ्यात एक आवाज थांबला. थांबल्यावरच मला कळलं की इतका वेळ तो चालू होता. तिसऱ्या खोलीचा बर्नर बंद पडला होता.

मालक ऑफिसातून धावत आले. स्क्रीनवर 'सुकवण पूर्ण' अशी हिरवी अक्षरं आली होती.

"बघा," ते म्हणाले. "महिन्याहून जास्त जे मशीन थांबत नव्हतं ते आज आपोआप थांबलं. का? काल दार उघडलं तेव्हापासून मी काकांना बोळात पाऊल टाकू दिलेलं नाही. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

तो पुरावा होताच. पण कशाचा, एवढंच अजून ठरायचं होतं.

४

हात धुवायला म्हणून मी कोठारामागच्या घरात गेले. मालकांची बायको दार उघडायला आली. भाऊ तिला वहिनी म्हणतो, काका ताई म्हणतात. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातांना साबणाच्या पाण्याने चिरा पडलेल्या.

"या ना," ती म्हणाली. "पसारा आहे. काही वाळतच नाही या दिवसांत."

पसारा खरोखरच होता. खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर ओल्या चादरी टाकलेल्या होत्या, सगळ्या एका पलंगाच्या मापाच्या. तिने मला कपाटातून टॉवेल काढून दिला. टॉवेल कोरडा, खडखडीत होता. एवढ्या दमट दिवसांत मी पहिल्यांदाच कोरडं कापड तोंडाला लावत होते, आणि मन लावून तोंड पुसत होते, तेवढ्यात वास आला. त्याला गरम कांद्याचा वास होता.

खिडकीपाशी लाकडी खुर्चीत म्हातारे बसले होते. तेच आबा, मालकांचे वडील, हे कोठार उभं करणारे. सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, केस पाणी लावून विंचरलेले, मांडीवर घडी घातलेली शाल. मागे पलंगावरची गादी उघडी होती, तिच्यावर चादर नव्हती, फक्त रबरी कापड.

"विम्याच्या बाई का तुम्ही?" ते म्हणाले. "ढिगावर चालून बघितलंत?"

"बघितलं."

"अनवाणी?"

"नाही. बूट होते."

"मग काय बघितलंत? कांद्यावर अनवाणी चालायचं असतं. तो पायांना सांगतो, पुरे झालं की नाही." त्यांनी खिडकीतून कोठाराकडे बघितलं. "पंखा कालपासून फिरकला नाही. रोज संध्याकाळी येतो माझ्याकडे. आजारी आहे का?"

"आबा, त्यांना काम आहे," ताई घाईने म्हणाली. चहाचा कप माझ्या हातात देऊन तिने मला जवळजवळ ढकलतच स्वयंपाकघरात आणलं. "त्यांना काही सांगू नका. काकांवर आळ आलाय हे त्यांना कळलं तर ते अन्न टाकतील."

मी चहा प्यायले. माझ्या सासूबाईंचं शेवटचं वर्ष मी काढलंय. रबरी कापड कशासाठी असतं, चादरी रोज का धुवाव्या लागतात, आणि गळ्यापर्यंत बटण लावून बसलेल्या माणसाला काय झाकायचं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"ताई, कालपर्यंत या चादरी कुठे वाळत होत्या?"

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणालाही नाही," ती हळू म्हणाली. "ह्यांनाही नाही. आबांनी शपथ घातली मला. मुलांना कळू द्यायचं नाही म्हणाले. बाहेर दोरीवर टाकल्या तर सगळे बघणार, आणि बाहेर तर वाळतही नाहीत. मग काकाच म्हणाले, माझ्याकडे आणा, गरम वारं आहे, तासाभरात वाळतात. पहाटे धुवायची, नाश्त्यानंतर बादलीत घालून न्यायची. त्यात काय वाईट केलं आम्ही?"

बिचारीला खरंच ठाऊक नव्हतं. मी कप ठेवला आणि बोळाची किल्ली मागायला गेले.

५

बोळ अरुंद होता. एका बाजूला कोठाराच्या खोल्यांची मागची भिंत, तिच्यात खाली पंखे आणि वर प्रत्येक खोलीची ती परतीची खिडकी. मी काकांना बरोबर घेतलं. मालक नको म्हणाले, तर मी सांगितलं की नाहीतर मी आत्ता घरी जाते आणि तुम्ही दुसरा सर्व्हेअर मागवा. माझी ही धमकी नेहमी चालते, कारण चेहऱ्यावरून ती खरी वाटते.

तिसऱ्या खोलीच्या खिडकीखाली पांढरी, साबणाच्या वडीएवढी पेटी भिंतीला लावलेली होती. ढिगातून आलेली हवा किती ओली आहे ते मशीनला सांगणारा सेन्सर तो हाच. पेटीच्या लोखंडी कडीला सुतळीची गाठ होती. दोरी सोडून नेली होती, पण गाठ दमट हवेत घट्ट बसली होती, ती निघाली नव्हती. समोरच्या खिळ्यावर तशीच दुसरी गाठ होती. खाली पंख्याच्या जाळीत कपड्यांचा चिमटा अडकला होता.

काका बघत होते मी काय बघतेय ते.

मी माझी ओली शाल काढली आणि त्या कडीवर टाकली. "चला, स्क्रीन बघू."

ऑफिसात मालक बसले होते. त्यांना मी काही सांगितलं नाही, नुसतं स्क्रीनकडे बोट केलं. आधी काहीच झालं नाही. मग आकडा हलला, चढायला लागला, आणि हिरवी अक्षरं जाऊन तिथे पुन्हा 'सुकवण चालू' आलं. पलीकडे बर्नर फुरफुरून पेटला.

"हे काय केलंत तुम्ही?" मालक म्हणाले.

"एक शाल वाळत घातली. संध्याकाळी सगळ्यांना इथे बोलवा."

बाहेर काकांनी माझी वाट अडवली. आत्तापर्यंत शांत असलेल्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले.

"मॅडम, तुमच्या पाया पडतो. चोरीच लिहा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल दार उघडलं, पायाखाली सालं वाजली तेव्हा. त्या पेटीला दोरी मीच बांधली होती. जागा बरी वाटली, वारं तिथे चांगलं लागतं. तिच्यामुळे मशीन फसेल हे डोक्यातच आलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "आबांनी मला आयुष्यात कधी चारचौघांत बोल लावला नाही. चूक झाली तरी आत नेऊन सांगायचे. आणि मी त्यांची ही गोष्ट चव्हाट्यावर आणू? मी एकटा माणूस आहे, तुरुंगात काय नि इथे काय."

मला राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही मी गिळलं, कारण पुढचं कसं निभवायचं ते मला सुचत नव्हतं.

६

संध्याकाळी ऑफिसात मालक, धाकटा भाऊ आणि काका होते. ताई चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी राहिली, आत आली नाही. चादरींमुळे काय झालं ते मी तिला दुपारीच सांगितलं होतं.

"चोरी झालेली नाही," मी म्हणाले. "एकही कांदा या खोलीतून बाहेर गेलेला नाही. गेलंय ते कांद्यातलं पाणी. ढीग सगळीकडे सारखा बसलाय, साल उडालंय, कांदा हलका झालाय, आणि गॅस जास्त जळलाय. चारही गोष्टींचं कारण एकच. ही खोली कधीच सुकली होती, तरी मशीन तिला गरम वारं देत राहिलं. रोज सकाळी थोडा वेळ सेन्सरपाशी ओलं कापड असायचं. मशीनला वाटायचं, कांदा अजून ओला आहे, आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं. दुपारी कापड वाळलेलं असायचं, म्हणून दुरुस्तीवाल्याला काही सापडलं नाही. कालपासून बोळ बंद झाला, कापड गेलं नाही, आणि आज बर्नर आपोआप थांबला."

"म्हणजे विमा?" मालकांनी विचारलं.

"मिळणार नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "कापड कुणाचं?"

मला हेच नको होतं. "कुणाचं का असेना. हेतू वाईट नव्हता."

"दोन ट्रक पाणी उडालं माझं. मला नाव कळायला नको? कुणाचे कपडे होते?"

"माझे," काका म्हणाले.

"तुमचे." मालक उठले. "ठीक आहे. पोलीस नको. पण पिशवी भरलेलीच आहे ना? खोली रिकामी करा. आत्ताच्या आत्ता."

"नाही," दारातून ताई म्हणाली. "कपडे काकांचे नाहीत. ते..."

"ताई, तुम्ही बोलू नका," काका म्हणाले. "माझेच होते म्हटलं ना."

"रोज कपडे धुतोस तू? कधीपासून रे?"

आवाज तिच्या मागून आला होता. आबा अंगणातून चालत आले होते. कित्येक महिन्यांत ते घराबाहेर पडले नव्हते. एका हातात काठी होती, आणि दुसऱ्या खांद्यावर ओली चादर होती. तिच्यातून पाणी गळून त्यांचा इस्त्रीचा सदरा भिजला होता. ताई बाजूला झाली. ते आत आले आणि काकांसमोर उभे राहिले.

"चाळीस वर्षं बघतोय मी तुला. एका सदऱ्यावर आठवडा काढणारा माणूस तू. आणि सतरंजीवर झोपतोस, चादर तुला लागत नाही." मग ते मुलाकडे वळले. "सून येऊन सगळं सांगून गेली मला. नसती आली तरी कळलंच असतं. महिनाभर माझ्या चादरीला तिसऱ्या खोलीचा वास येतोय. कांदा करपायला लागला की कसा वास येतो ते मला माहीत नाही होय? नाकाला कळत होतं, पण तोंड उघडायची लाज वाटली."

"आबा, बसा तुम्ही," मालक म्हणाले.

"बसतो. आधी ऐक. चादरी माझ्या आहेत. मला रात्री समजत नाही, गादी ओली होते. रोज होते." त्यांनी एकेकाकडे बघितलं, माझ्याकडेही. "झालं सांगून. वाटलं होतं, हे सांगताना जीव जाईल. गेला नाही."

धाकट्याने खुर्ची पुढे केली, तर आबांनी ती हाताने बाजूला सारली.

"पाणी माझ्या चादरीतून गेलं, हे खरं. पण एक विचारतो. महिनाभरात कुणी एकदा जरी त्या ढिगावर चाललं असतं, तर पहिल्याच आठवड्यात सालं वाजली असती की नाही? का नाही चाललात?"

मालकांचा हात खिशाकडे गेला. पक्कड तिथेच होती. त्यांनी ती काढली, बघितली, आणि टेबलावर ठेवली.

"सील होतं," ते म्हणाले.

"माझं नाक बंद, याचं तोंड बंद आणि तुझं दार बंद." आबा दमले होते. आता ते खुर्चीत बसले. "मग कांद्याने सांगायचं कुणाला?"

मालक काकांकडे बघत होते. माफी मागायची सवय नसलेला माणूस काय करतो, ते मी खूपदा बघितलंय, तो घसा खाकरतो. त्यांनीही दोनदा खाकरला. मग ते वाकले, काकांच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, आणि स्वतःच काकांच्या खोलीकडे चालायला लागले. काका त्यांच्यामागे धावले. "अहो मालक, द्या इकडे, मी नेतो," असं म्हणत होते, पण मालकांनी ती दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघताना अहवालावर सही केली. चोरी नाही, असं लिहिलं. मालकांनी तो वाचला आणि मान हलवली. काल रात्री ते तिसऱ्या खोलीत ढिगावर चालत होते, असं धाकट्याने सांगितलं, आणि बूट काढून. जो माल तग धरणार नाही तो आधी विकायचा, उरलेला थंड करायचा, असं ठरलं होतं. नुकसान व्हायचं तेवढं झालंच होतं, ते कुणाच्या गळ्यात मारता येत नव्हतं.

अंगणातल्या पत्र्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी नवी दोरी बांधली होती. ताई पायरीवर बसून चहा पीत होती, बसून चहा पिताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. दोघे भाऊ चादरीची दोन टोकं धरून पीळ देत होते. ते काम दोघांनीही आयुष्यात कधी केलं नव्हतं, हे लगेच दिसत होतं. एक उजवीकडे पिळत होता, तर दुसराही त्याच दिशेने फिरवत होता, आणि चादर नुसतीच गोल फिरत होती.

"उलटं फिरव रे," खिडकीतून आबा म्हणाले. गळ्याचं बटण आज उघडं होतं. शेजारी स्टुलावर पंखेकाका बसले होते.

ताईने माझी शाल आणून दिली. कोरडी होती, गरम होती, आणि तिला कांद्याचा वास येत होता. मी ती खांद्यावर घेतली आणि बस पकडायला निघाले.